स्वयंपाकघरातून सांदवाडीत : भाजीच्या टाकाऊ भागांची लागवड आणि घरची रोपवाटिका

गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी बंधू-भगिनींना रोप कसे तयार करावे हे नव्याने सांगण्याची गरज नाही. मृगाचा पाऊस आला की धानाचे पऱ्हे टाकायचे, रोप तयार झाले की चिखलणी करून रोवणी करायची, हे काम येथे पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे. बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढून टाकणारेही अनेक आहेत. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, हे प्रमाण बहुतेकांच्या तोंडी असते. परंतु हाच शेतकरी भाजीपाल्याकडे वळला की एवढी काळजी घेत नाही. बाजारातून आणलेले टमाटर सडले की ते सांदवाडीत फेकले जाते. तेथे रोप उगवले की ते वाढू दिले जाते आणि फळ बारीक निघाले की जमिनीला दोष दिला जातो.

स्वयंपाकघरात उरलेल्या भागांपासून भाजी तयार होते हे खरे आहे. मात्र प्रत्येक भागापासून होत नाही. कशापासून होते, कशापासून होत नाही आणि का, हे समजून घेतले तर पैसा वाचतो. ते न समजता केले तर अख्खा हंगाम वाया जातो.

डोळा कोठे आहे ते पहा

वनस्पतीचा नवीन कोंब डोळ्यातून निघतो. ज्या भागाला जिवंत डोळा आहे, तोच भाग पुन्हा वाढेल. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचे आपोआप समजते.

कांदा : कांद्याचा डोळा त्याच्या तळाशी, मुळांच्या चकतीवर असतो. कांदा चिरताना तळाचा दोन ते तीन से.मी. भाग मुळांसह ठेवावा, एक दिवस सावलीत सुकू द्यावा व कुंडीत लावावा. आठ-दहा दिवसांत पात निघते. पात कापून भाजीला वापरता येते. परंतु या तुकड्यापासून मोठा कांदा पोसेल ही अपेक्षा करू नये. कांदा पहिल्या वर्षी पोसतो व दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यावर येतो. त्यामुळे अशा झाडाला थंडीत डेंगळे येतात.

लसूण : प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र रोप असते. गड्ड्याच्या बाहेरील जाड पाकळ्या निवडाव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोक वर ठेवून 10 बाय 7.5 से.मी. अंतरावर लावाव्यात. उन्हाळ्यात लावलेल्या लसणापासून पात मिळेल, गड्डा पोसणार नाही.

अद्रक, हळद व कोचई : हे जमिनीखालील कंद आहेत. फुगलेला डोळा असलेला अद्रकाचा 20 ते 25 ग्रॅमचा तुकडा मे महिन्यात अर्धवट सावलीत लावावा. मऊ पडलेला, वास येणारा किंवा बुरशी दिसणारा कंद मुळीच लावू नये. कंदकूज कंदाबरोबरच येते आणि एकदा जमिनीत शिरली की लवकर जात नाही.

बटाटा व रताळे : कोंब आलेला बटाटा थंडीच्या सुरुवातीला लावावा. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे असावेत. हिरवा पडलेला बटाटा लावता येतो, पण खाऊ नये, तो विषारी असतो. रताळ्याला फुटलेले वेल तोडून लावले की चांगले रुजतात.

पुदिना, पोई व तोंडली : पुदिना व पोईची पाने खुडल्यावर उरलेली जून काडी फेकू नये. दोन-तीन पेरांची काडी ओल्या मातीत खोचावी. तोंडलीची पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी पावसाळ्याच्या तोंडाशी लावली तर तो वेल अनेक वर्षे टिकतो.

मुळा, गाजर व बीट : येथे बहुतेकांची फसगत होते. शेंड्याचा तुकडा पाण्यात ठेवला की हिरवी पाने फुटतात, म्हणून घरच्यांना वाटते की खाली नवीन गाजर तयार होईल. तसे होत नाही. आपण खातो ते मूळ बियाण्यापासून एकदाच पोसते. शेंड्यापासून फार तर पाला मिळेल.

कोंब फुटावा म्हणून ग्लासात किंवा वाटीत पाणी ठेवत असाल तर ते रोज बदलावे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

डब्यातील दाणे

धने, मेथी व मोहरी हे स्वयंपाकघरातील सर्वांत भरवशाचे बियाणे होय. सांबारासाठी धने हलक्या हाताने रगडून दोन फाकी कराव्यात, बारा तास भिजवावेत व पेरावेत. बरबटी, वाल व पोपट यांचे अखंड दाणेही उगवतात. डाळ मात्र उगवत नाही, कारण भरडताना अंकुर तुटतो.

पेरण्यापूर्वी उगवण तपासावी. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सोळा किंवा अधिक दाण्यांना मोड आले तर बियाणे चांगले समजावे. दहापेक्षा कमी उगवले तर ते बियाणे पेरू नये.

उलट दिशेने एक सावधगिरी घ्यावी. दुकानातून आणलेल्या पाकिटातील रंगीत बियाण्याला औषध लावलेले असते. उरलेले असे बियाणे स्वयंपाकघरात ठेवू नये, जनावरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये.

टमाटर, वांगी व मिरचीचे बी

बाजारातील टमाटर बहुधा संकरित वाणाचे असते. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार झालेले बियाणे पहिल्या पिढीत एकसारखे पीक देते. त्या फळातील बी दुसऱ्या पिढीचे असते. त्यात आई-बापांचे गुण विखुरतात. एका झाडाला मोठी फळे, दुसऱ्याला बारीक, तिसरे रोगाला बळी, असे होते. सांदवाडीत चार झाडे असतील तर त्याने बिघडत नाही. पण समजा, हलक्या धानाची कापणी झाल्यावर तुम्ही पाव एकर बांधीत अशा बियांची रोपे लावलीत. खत, मजुरी व पाणी तेवढेच लागेल. माल मात्र एकसारखा निघणार नाही आणि बाजारात भाव मिळणार नाही. वाचवलेल्या बियाण्याच्या किमतीपेक्षा नुकसान कितीतरी मोठे होईल. म्हणून विक्रीसाठीच्या पिकाला घरी धरलेले संकरित बियाणे वापरू नये.

सरळ वाणाचे बी मात्र घरी जरूर धरावे. पुसा रुबी टमाटर, पुसा ज्वाला मिरची किंवा तुमच्या गावातील जुने वांगे यांचे बी पुढील वर्षी बहुतांशी तेच गुण देते. वांगी व मिरचीत परागीभवनाने थोडी सरमिसळ होते, म्हणून बियाण्याची झाडे इतर वाणांपासून दूर ठेवावीत. घरचे बियाणे जपणे, पेरणे व एकमेकांना देणे हा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेला आहे.

बी काढण्याची रीत अशी : निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले टमाटर निवडावे. गर व बी मडक्यात किंवा काचेच्या भांड्यात पिळून एक ते दोन दिवस सावलीत आंबू द्यावे. नंतर भरपूर पाण्यात धुवावे. तळाशी बसलेले बी घ्यावे, तरंगणारे टाकून द्यावे. बी कापडावर पसरून सावलीत वाळवावे. वांग्याचे बी भाजीच्या कोवळ्या फळातून घेऊ नये. ते कच्चे असते. फळ झाडावरच पिवळे पडू द्यावे. मिरची लाल होऊन वाळल्यावर बी काढावे. बी कोरड्या बाटलीत ठेवून त्यावर वाणाचे नाव व तारीख लिहावी.

घरची रोपवाटिका

आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात पाऊस भरपूर पडतो आणि बांधीत पाणी साचून राहते. धानाच्या पऱ्ह्याला ते चालते, भाजीच्या रोपाला चालत नाही. म्हणून भाजीची रोपवाटिका बांधीत न करता घराजवळच्या उंच, उन्हाच्या जागी करावी.

तीन मीटर लांब, एक मीटर रुंद व 15 से.मी. उंच गादीवाफा करावा. त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. शक्य असल्यास एप्रिल-मेमध्ये वाफा ओला करून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकून ठेवावा. उन्हाच्या तापाने बुरशी व तणाचे बी बरेचसे मरते. थोडीच रोपे हवी असतील तर बूड छिद्र पाडलेले जुने टोपले किंवा डबा पुरेसा होतो. त्यासाठी माती, शेणखत व वाळू समभाग घ्यावी.

बियाण्यास ट्रायकोडर्मा किलोला 5 ग्रॅम या प्रमाणात चोळावे. घरच्या चमचाभर बियाण्यास अगदी चिमूटभर पुरते. दहा से.मी. अंतरावर ओळी पाडून एक से.मी. खोल पातळ पेरावे. वरून तणसाचा थर द्यावा व झारीने पाणी द्यावे. कोंब दिसताच तणस काढून टाकावे. एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबट व पिवळी होतात.

रोपे मानेजवळ काळी पडून कोलमडणे हा रोपवाटिकेतील मुख्य रोग आहे. दाट पेरणी, सततची ओल व अंधार ही त्याची कारणे आहेत. रोग दिसताच पाणी थांबवावे, मेलेली रोपे मातीसह काढावीत व उरलेल्यांना हवा मिळेल अशी विरळणी करावी. पांढऱ्या माशीमुळे टमाटर व मिरचीवर पाने आकसण्याचा विषाणूजन्य रोग येतो. म्हणून वाफ्यावर बारीक जाळी लावावी.

टमाटर 25 ते 30, वांगी 30 ते 35 व मिरची 35 ते 40 दिवसांत लागवडीस येते. लावणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करावे, म्हणजे रोप काटक होते. लावणी सायंकाळी करावी व लगेच पाणी द्यावे. भेंडी, बरबटी, मुळा व गाजर यांची रोपे करू नयेत. ही पिके जागेवरच पेरावीत.

सारांश

सांदवाडीचे काम बहुतेक घरी बायाच करतात. म्हणून हा लेख घरी वाचून दाखवावा आणि बी कोणते धरायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. डोळा असलेला भाग लावावा. सरळ वाणाचे बी धरावे. विक्रीच्या पिकाला खात्रीचे बियाणे घ्यावे. सडलेला कंद मातीत जाऊ देऊ नये. यंदा एका टोपल्यातून सुरुवात करावी. त्यात किती बी पेरले, किती उगवले व किती रोपे जगली, हे वहीत लिहून ठेवावे. पुढील वर्षी ही नोंदच तुम्हाला उत्तम सल्ला देईल. शंका असल्यास हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात रोगट रोप सोबत नेऊन विचारावे.