वह्या आत्ताच पाण्यात सोडू नका

जोतिबाच्या डोंगरावरून एका आईने विचारलं आहे : अकरा वर्षांचा मुलगा गेला, त्याच्या चित्रांच्या वह्यांचं काय करू? पानोपानी सासनकाठ्या, घोडे, गुलालाने माखलेलं शिखर. नातेवाईक म्हणतात, पाण्यात सोडा, मन मोकळं होईल.

ताई, सोडू नका. निदान आत्ता तरी नाही. लेकराला विसरल्याशिवाय आईबाप सावरत नाहीत, ही समजूत मानसशास्त्राने केव्हाच मागे टाकली. माणसं गेलेल्याशी नातं जपूनच पुन्हा उभी राहतात. तेराव्याच्या गडबडीत पाण्यात सोडलेली वही मात्र परत मिळत नाही.

वह्यांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेने मेणाचे खडू पसरतात आणि चिकटलेला कागद पुन्हा सुटत नाही. डोंगरावर पावसाळाभर धुकं, भिंतीला टेकलेल्या वहीला बुरशी धरणारच. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मग पानांमध्ये बटर पेपर घालून, कोरड्या दिवशी वह्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा रोज उघडायलाच हवा असं नाही. एक दिवस रडू येईल, एक दिवस कामात मन रमेल. दोन्ही दुःखातलंच आहे. हसलात म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

माघातले जोतिबाचे खेटे सुरू झाले, चैत्रात यात्रेची हलगी कानावर आली, की छाती पुन्हा भरून येईल. ते दिवस आधीच ओळखून ठेवा आणि सोबतीला कुणालातरी बोलवा. धाकटं भावंड असेल तर दादाची अर्धवट चित्रं त्याच्याकडून पुरी करून घेऊ नका. त्याला त्याची स्वतःची कोरी वही द्या.

दुःखातून उभं राहायला वेळ लागतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी 1918 मध्ये शिकारीच्या वेळी अपघातात गेले. महाराजांनी विधवा सून इंदुमतीदेवींना विरोध पत्करून शिकवलं. मुलाच्या नावाचं मराठा बोर्डिंग 1920 मध्ये उभं राहिलं. तुम्हीही वेळ घ्या. मन तयार होईल तेव्हा शाळेच्या भिंतीवर चार चित्रं लावा, नाहीतर लावूही नका.

मात्र सहा महिन्यांनंतरही रोजचे व्यवहार ठप्प असतील, मुलाचे वडील दारूकडे वळले असतील, तर कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दोघंही जा. आणि ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ असं मनात आलं, तर सहा महिने सोडा, सकाळचीही वाट पाहू नका : टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीतून बोलता येतं.