पातेलं घेताना

नवं घर मांडते आहेस ना, मग मावशीचं एवढं ऐक. दहा भांड्यांचा सेट घेऊ नकोस. रुंद तोंडाचं, दोन कानांचं, झाकणाचं एकच चांगलं पातेलं घे. दुकानात त्याला कॅसरोल म्हणतील. उसळ, मटण, मसालेभात, सगळं त्यातच होतं. चौघांना तीन लिटरचं पुरतं. पाहुणे वरचेवर येणार असतील तर पाच लिटरचं बघ.

आधी बूड बघ. पातेलं काचेच्या काउंटरवर ठेवून काठावर बोट दाब. डुगडुगलं तर परत दे. काहींना नुसत्या तळाला जाड चकती डकवलेली असते. आच चकतीबाहेर गेली की वरच्या पातळ स्टीलला मसाला धरतो आणि करपतो. स्टील उष्णता फार सावकाश पसरवतं, म्हणून तीनपदरी घे: आतबाहेर स्टील, मध्ये पार काठापर्यंत अॅल्युमिनियम. इंडक्शन असेल तर पर्समध्ये लोहचुंबक ठेव आणि तळाला लावून बघ.

झाकणाकडे मात्र कोणी बघतच नाही, आणि खरं शिजणं तर झाकणाखालीच असतं गं! काचेचं फुगीर झाकण दिसायला छान, पण त्यावर पाणी राहत नाही. पातेल्यावर नीट बसेल अशी खोलगट ताटली वेगळी घे. मटकी परतून झाली की ताटली ठेव आणि तिच्यात तांब्याभर पाणी ओत. वरच्या पाण्याने ताटली फार तापत नाही. वाफ तिला आतून लागते, तिचे थेंब होतात आणि पुन्हा भाजीतच पडतात. मंद आचेवर भाजी आपल्याच रसात शिजते, खाली लागत नाही. रस्सा वाढवायचा झाला तर ताटलीतलं कढत पाणीच घाल. गार पाण्याने उकळी बसते.

पितळेची हौस असेल तर पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत जा. मठारलेलं पितळ घे. ठोकून ठोकून पत्रा घट्ट होतो, लवकर पोचत नाही. पण कल्हई केल्याशिवाय त्यात आमसूल, चिंच, ताक घालायचं नाही. जेवण कळकतं, आणि ते पोटाला बाधतं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून रिकामं पातेलं कधी तापत ठेवू नकोस. लाकडी डाव वापर, तारेची घासणी नको. आतून पिवळा ठिपका दिसला की कल्हईवाल्याकडे ने.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून पातेलं पाण्याने भरून घे आणि दोन्ही कान धरून उचल. तीन लिटर पाण्याचंच वजन तीन किलो असतं, पातेल्याचं वेगळं. कानांत बोटं पुरती शिरत नसतील किंवा मनगट वळत असेल, तर दुसरं दाखवायला सांग. संकोच करू नकोस.