लायटर घेण्याआधी जरा ऐक

सोनू, तू पाठवलेला फोटो बघितला. चार ज्योतींचा, काळा कुळकुळीत, मखमलीच्या डबीतला. अमोलच्या चाळिशीला हाच द्यायचा असं तुझं जवळपास ठरलेलं दिसतंय. पैसे भरायच्या आधी विचारलंस ते फार बरं केलंस, कारण हा घेऊ नकोस असंच मी सांगणार आहे.

पण त्याआधी एक बोलते, ते ऐकून घे. अमोल म्हणतो ना, की सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून त्याने काही होत नाही? ते खरं नाही. धूर नुसता तोंडात खेळवला तरी तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका असतोच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. तो कधीतरीच, मित्र जमले की गच्चीवर ओढतो हे मला माहीत आहे. तरी त्याच्याशी हे एकदा नीट बोल. लायटर दिलास म्हणजे ओढायची परवानगी दिलीस, असं त्याने समजू नये.

आता लायटरचं. हॉटेलात असताना सिगारचं कपाट माझ्या ताब्यात असायचं. पाहुण्याने निवडलेला सिगार कापून, पेटवून द्यायचं काम आमचं. तिथे हे पक्कं कळलं की महागडा सिगारसुद्धा पहिल्या मिनिटात बिघडवता येतो, आणि तो बिघडतो दोनच गोष्टींनी: वासाने, नाहीतर आचेने.

वासाचं आधी सांगते. अमोलच्या ड्रॉवरमध्ये तो जुना झिप्पो आहे ना, तो सिगारेटसाठी ठीक. जॉर्ज ब्लेझडेल नावाच्या माणसाने 1932 मध्ये अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड गावी ती कंपनी काढली. वाऱ्यात न विझणारा म्हणून तो लायटर जगभर गेला, आणि वस्तू म्हणून मलाही तो आवडतो. पण त्यात कापूस भिजवून ठेवलेला असतो तो पेट्रोलच्या जातीच्या इंधनाने. सिगार पेटायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात तो वास पानात शिरतो आणि पहिले कितीतरी झुरके रॉकेलच्या दुकानात उभं राहिल्यासारखे लागतात. मेणबत्तीचंही तसंच, मेणाची वाफ पानावर बसते. म्हणून इंधन ब्युटेनच हवं, तेही शुद्ध केलेलं. त्याला जळताना जवळजवळ वास नसतो.

आता आच. सिगारेटचं टोक कुठूनही पेटलं तरी चालतं. सिगारचं तसं नाही. त्याची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. अमोल ओढतो तो 50 नंबरचा, म्हणजे 50/64 इंच, पाऊण इंचाला थोडा वरच. एवढा रुंद गोल सगळीकडून सारखा पेटला पाहिजे. एका बाजूने पेटला की तीच बाजू पुढे पळते, दुसरी मागे राहते, मग पुन्हापुन्हा पेटवत बसायचं आणि जळकी कडवट चव सोसायची.

तू निवडलेल्या लायटरमध्ये नेमका इथेच घोळ आहे. ज्याला टॉर्च किंवा जेट म्हणतात, त्यात गॅस जळण्याआधीच हवेत मिसळतो. म्हणून ज्योत निळी, टोकदार आणि फुत्कार टाकत येते. वाऱ्यात ती हलत नाही, हा तिचा मोठा गुण. पण अशा चार ज्योती एकत्र आल्या की टोक भाजायच्या आधी बाहेरचं पान काळं पडतं. हे बाहेरचं पान सगळ्यात पातळ आणि सगळ्यात महाग. अगदी जाडजूड सिगार भर वाऱ्यात पेटवायचा असेल तर तीन-चार ज्योती कामाला येतात. पण त्या टाकी भराभर संपवतात आणि चारांतली एक बंद पडली की एका बाजूची आच कमी पडते. दिसायला भारदस्त आहे हे मी मान्य करते. पण अमोलला भारदस्तपणा हवाय की सिगार नीट पेटायला हवा, ते तूच ठरव.

दुसरी जात मऊ ज्योतीची, पिवळी, साधी. ती आजूबाजूची हवा घेत सावकाश जळते. घरात, पंखा बंद करून बसलं तर मला हीच सगळ्यात आवडते. घाई होत नाही, पान करपत नाही. एक मात्र लक्षात ठेव, ही ज्योत पानाला टेकवायची नाही, काजळी धरते. एस. टी. ड्यूपाँ या फ्रेंच कंपनीचे अशा ज्योतीचे लायटर प्रसिद्ध आहेत, झाकण उघडताना टिंग असा आवाज येतो त्यांचा. किमती मात्र ऐकवणार नाहीत. आणि तुमची गच्ची चौदाव्या मजल्यावर, जूनपासून वारा कसा भणाणतो तिथे! तिथे पिवळी ज्योत टिकायची नाही.

म्हणून माझं म्हणणं, एका ज्योतीचा जेट घे. टोकाची कड फिरवत फिरवत त्याने छान धरता येते, वाऱ्यात विझत नाही, आणि चूक झालीच तर लहानशी होते.

त्याबरोबर अमोलला पेटवायची रीतही दाखव. ज्योत टोकाला लावायचीच नाही. सिगार हातात तिरपा धरायचा, ज्योत खाली बोटभर अंतरावर, आणि सिगार सावकाश फिरवायचा. आधी कड करडी होते, मग मधून एक बारीक धुराची रेघ निघते. तेव्हा तोंडात धरून हळूच ओढायचं, फिरवणं चालूच ठेवून. मग टोकावर हलकी फुंकर मारून बघायचं. सगळा गोल सारखा लालबुंद झाला तर पेटला. एखादा भाग काळा राहिला असेल तर तेवढ्याच भागाला ज्योत दाखवायची.

काडेपेटी चालते का, असं विचारलं होतंस. चालते, पण काडीच्या गुलात गंधक असतं, ते पूर्ण जळून लाकूड पेटेपर्यंत थांबायला हवं. आपल्या काड्या आखूड, त्यामुळे एका सिगारला तीन-चार लागतात आणि पावसाळ्यात सादळतात. लांब काड्यांची पेटी मिळाली तर जरूर घे. आणि एक गोड गोष्ट सांगते. सिगारच्या लाकडी पेटीत थरांच्या मध्ये सुगंधी लाकडाचा पातळ पापुद्रा घातलेला असतो. त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. अमोल तो पापुद्रा कचऱ्यात टाकत असेल. त्याची बोटभर रुंद पट्टी फाडायची, लायटरने पेटवायची आणि त्या ज्योतीवर सिगार भाजायचा. आमच्याकडचे जुने पाहुणे मुद्दाम तसं मागायचे. वास इतका सुरेख येतो की त्यापुढे कुठल्याही लायटरची मातब्बरी नाही.

दुकानात गेलीस की नुसता हातात घेऊन बघू नकोस, सलग दहा-बारा वेळा पेटवून बघ. प्रत्येक वेळी पहिल्याच दाबाला पेटला पाहिजे. आत स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरसारखाच स्फटिक असतो, त्यावर हातोडी आपटली की ठिणगी पडते. प्येर आणि झाक क्यूरी या भावांनी 1880 मध्ये शोधलेला हा गुण. दाब पडला पण ठिणगी नाही, तर तो लायटर परत ठेव. टाकीला खिडकी असलेलाच घे, गॅस किती उरलाय ते दिसतं. पुन्हा भरता येतो ना, ज्योत कमीजास्त करायचा स्क्रू आहे ना, तेही बघ. रस्त्यावरचे अगदी स्वस्त प्लॅस्टिकचे नकोत. 20 रुपयांहून कमी किमतीच्या लायटरची आयात सरकारने 2023 च्या जूनमध्ये बंद केली, शिवकाशीकडच्या काडेपेटीवाल्यांची बरीच वर्षांची मागणी होती ती.

भरायचं कसं ते नीट ऐक, कारण बहुतेक 'बिघडलेले' लायटर नुसते चुकीचे भरलेले असतात. आधी लायटर उलटा धरायचा, बारीक स्क्रूड्रायव्हरने खालची झडप दाबायची. फुस्स आवाज येतो, तो थांबेपर्यंत दाबून धरायची. आत हवा अडकलेली असते, ती बाहेर गेली नाही तर नवा गॅस पुरता शिरत नाही. मग ज्योतीचा स्क्रू अगदी कमीवर आणायचा, लायटर उलटाच ठेवून गॅसच्या डबीचं तोंड सरळ वरून दाबायचं. तेव्हा लायटर बोटांना गार लागतो, बाजूने थोडा गॅस उडतो. हे सगळं खिडकीपाशी, देवघरातल्या निरांजनापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. भरून झाल्यावर चार-पाच मिनिटं तसाच ठेवायचा, गारवा जाऊ द्यायचा, मगच पेटवायचा.

प्रवासाचंही सांगून ठेवते. अमोल कामासाठी अमेरिकेला जातो ना, तिथल्या विमानात जेट लायटर हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि सामानातही नाही. इथल्या तपासणीतही लायटर काढूनच घेतात. लडाखला गेलात तर विरळ हवेत जेट हट्टाने पेटत नाही, तिथे लांब काड्या न्या. आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर कधीही ठेवायचा नाही. 50 अंशांपुढे तापू देऊ नये असं त्यावर लिहिलेलंच असतं, आणि उन्हात बंद गाडी त्याहून तापते. छोट्या चिन्मयच्या हाताला लागेल असा तर अजिबात नको, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात.

तर तो चार ज्योतींचा रद्द कर. एका ज्योतीचा, खिडकी असलेला, भरता येणारा घे, वर शुद्ध ब्युटेनची एक डबी आणि लांब काड्यांची पेटी. एवढ्यात तुझे निम्मे पैसे वाचतील. उरलेल्या पैशांतून त्याच्या तोंडाची आणि घशाची डॉक्टरांकडून एकदा तपासणी करून घे, आणि त्या तपासणीची वेळ वाढदिवसाच्या आधी ठरव.