आर्द्र शतावरी : बीजापासून मुळापर्यंत

गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही द्रव्ये सदैव आर्द्रच योजावीत आणि ती आर्द्र आहेत म्हणून त्यांचे प्रमाण द्विगुण करू नये, असा शार्ङ्गधराचार्यांचा स्पष्ट दंडक आहे. यांपैकी वासा व गुडूची आपण कुंपणावरून तोडून आणतो. शतावरी मात्र बाजारातील पोत्यांतून येते. जेथे स्वरस अपेक्षित आहे तेथे शुष्क मुळांचा क्वाथ घालून घृत सिद्ध केले जाते. मेळघाटातील वनातून मुळे खणून आणणे हा यावरचा उपाय नव्हे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील औषधी निर्मात्यांनी आपल्या आवारात बीजापासून शतावरी लावावी, असे आम्ही सुचवितो.

शतावरीची फळे पिकली की लाल होतात व आत काळे, कठीण कवचाचे बी असते. फळे पाण्यात चोळून गर काढावा व बी सावलीत वाळवावे. जुन्या बियांची उगवण कमी होत जाते. म्हणून त्याच वर्षीचे बी घ्यावे. मृगाच्या सुमारास ते रात्रभर भिजवून गादीवाफ्यावर पेरावे. उगवण सावकाश व मागेपुढे होते. काही बी महिन्यानंतरही डोके वर काढते. वाफा लवकर मोडून टाकणे, हीच येथील मोठी हानी. अंकुर दोऱ्यासारखा बारीक असल्याने निंदणी हातानेच करावी.

आपल्या भागात खरा प्रश्न जमिनीचा आहे. कपाशीची भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व मांसल मुळे कुजतात. उन्हाळ्यात ती भेगाळते व मुळे तुटतात. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणीही क्षारयुक्त. यास्तव वाळू व कुजलेले शेणखत मिसळून उंच वरंबे करावेत आणि रोपे त्यांवर सुमारे दोन फुटांवर लावावीत. वेलीस आधार द्यावा. प्रत्यक्ष वनस्पती पाहू इच्छिणाऱ्यांनी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान अवश्य पाहावे.

पहिल्या शिशिरात वेल भरघोस दिसते आणि खणण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्या वेळी मुळे कृश असतात. मुळे ग्रीष्म किंवा शिशिर ऋतूत, जुनी पाने गळून नवी आल्यावर घ्यावीत, असे चरकाचार्य कल्पस्थानात सांगतात. मृगात पेरलेल्या बियांचा दुसरा शिशिर सुमारे १९ महिन्यांनी येतो, आणि आजचे लागवडतज्ज्ञही साधारण १८ ते २४ महिन्यांचाच काळ सांगतात. शेत भाड्याने घेतलेल्या शेतकऱ्यास इतके थांबणे परवडत नाही. त्यामुळे मूळ विकत घेताना वेलीचे वय विचारणे हे औषधी निर्मात्याचे काम आहे. जास्त वयाच्या मुळास थोडा अधिक दर दिल्याशिवाय हे घडणार नाही, असे आमचे मत आहे.

स्वतःच्या आवारात मात्र दरवर्षी एक वाफा पेरला की दुसऱ्या शिशिरापासून प्रतिवर्षी एक वाफा तयार मिळतो. खणण्यापूर्वी काही दिवस पाणी तोडावे. मुळे धुऊन साल व मधला चिवट धागा काढावा आणि स्वरस त्याच दिवशी वापरावा. डिऱ्यांसह राहिलेला गड्डा पुन्हा लावता येतो.