शस्त्र परवान्यांची माहिती : काय मागावे, काय छापू नये

शस्त्र परवानाधारकाचा खासगीपणा आणि वृत्तपत्रांचा सरकारी नोंदी पाहण्याचा हक्क यांतील वादाची चर्चा बहुधा महानगरांच्या संदर्भात होते. परंतु त्याची खरी कसोटी इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरसारख्या गावात लागते, कारण पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या या पट्ट्यात औद्योगिक वसाहत आहे, उसाच्या रानात विखुरलेल्या वस्त्या आहेत, आणि कोणाच्या घरी बंदूक आहे याची कुणकुण गावाला असली तरी त्याची छापील यादी कोणाच्या हाती नसते. अशा भागात परवाना मागणाऱ्यांचे प्रकारही वेगवेगळे असतात : पीक संरक्षणासाठी जुनी बंदूक बाळगणारा शेतकरी, बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावर रखवालीची नोकरी करणारा व बंदुकीमुळेच ती नोकरी टिकवून असणारा माजी सैनिक, आणि जिवाला धोका असल्याचे सांगून पिस्तुलाचा परवाना मिळविणारा ठेकेदार किंवा पुढारी. या तिघांची माहिती एकाच मापाने उघड करणे किंवा एकाच मापाने झाकणे, दोन्ही चुकीचे ठरते.

कायद्याची चौकट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार ग्रामीण भागात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनाच असतो, तर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तो आयुक्तांकडे असतो. त्यामुळे इंदापूर व बारामतीच्या अर्जदाराचे प्रकरण पुणे ग्रामीण पोलिसांच्या चौकशी अहवालासह जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचते. अमेरिकेतील अनेक राज्यांत शस्त्र कपड्यांआड लपवून बाळगण्याचा निराळा परवाना असतो, तसा भेद भारतात नाही. येथील नियम एवढेच सांगतो की सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात असावे आणि ते परजत फिरू नये. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास किंवा दोन्हींस पात्र गुन्हा ठरविला. प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय संगणकीय नोंदीतील विशिष्ट क्रमांक असतो. म्हणजे माहिती सरकारकडे आहे, प्रश्न ती कोणाला व किती द्यायची एवढाच उरतो.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाल्यानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्या जिल्ह्यातील अधिकृत शस्त्र परवान्यांची संख्या १,२२२ असल्याचे जाहीर केले आणि तिच्याशेजारी परभणीचा ३२ हा आकडा ठेवला. त्या दोन आकड्यांत कोणाचे नाव, गाव किंवा घरपत्ता नव्हता, तरीही राज्यभर प्रश्न उभा राहिला तो नेमका : इतके परवाने कोणी दिले, कोणत्या धोक्याच्या आधारावर दिले, आणि गुन्हे दाखल असलेल्यांकडे ते का राहिले. पुढे प्रशासनाला परवान्यांची फेरतपासणी करून ते रद्द करण्याची कार्यवाही हाती घ्यावी लागली. संख्येने जे साधले ते नावांच्या लांबलचक यादीने साधले असते असे मानण्यास आधार नाही. उलट यादी आली असती तर चर्चा परवाना देणाऱ्याकडून परवाना घेणाऱ्यांकडे, आणि त्यांतही निरुपद्रवी माणसांकडे वळली असती.

याच्या उलट अनुभव न्यूयॉर्क राज्यातील ‘द जर्नल न्यूज’ या वृत्तपत्राचा आहे. सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर, डिसेंबर २०१२ मध्ये, त्याने वेस्टचेस्टर आणि रॉकलँड या दोन काउंट्यांतील पिस्तूल परवानाधारकांची नावे व पत्ते दाखविणारा नकाशा प्रसिद्ध केला. माहिती कायदेशीर मार्गानेच मिळालेली होती, पण त्या नकाशातून परवाना देण्याच्या पद्धतीतील एकही दोष सिद्ध होत नव्हता. कोणाच्या घरात बंदूक आहे आणि कोणाच्या घरात नाही, एवढेच त्यातून कळत होते, आणि चोराला नेमके तेवढेच हवे असते. संताप इतका उसळला की वृत्तपत्राला आपल्या कचेरीवर सशस्त्र पहारा बसवावा लागला, शेजारच्या पटनम काउंटीने माहिती देण्यास नकार दिला, आणि जानेवारी २०१३ मध्ये राज्याने नव्या शस्त्र कायद्यातच परवानाधारकांना आपली नोंद गोपनीय ठेवण्याची मागणी करण्याची सोय केली. त्याच महिन्यात नकाशा मागे घेण्यात आला. वृत्तपत्राने दाखविलेल्या अविवेकाची किंमत अशा रीतीने पुढच्या, कदाचित अधिक जबाबदार, पत्रकारांना मोजावी लागली. यादी केवळ वृत्तपत्रच फोडते असेही नाही. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्ता कार्यालयाच्याच संकेतस्थळावरून सुमारे १,९२,००० लोकांचा असा तपशील चुकून उघडा पडला होता.

आपल्याकडे तो धोका बहुधा संकेतस्थळाऐवजी टेबलावरून येतो. निवडणूक जाहीर झाली की छाननी समितीच्या निर्णयानुसार परवानाधारकांना पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करून पावती घ्यावी लागते; त्या दिवसांत नाव, पत्ता, शस्त्राचा प्रकार व क्रमांक लिहिलेली यादी अंमलदारासमोर उघडी असते, आणि तिचे मोबाइलवर टिपलेले एक छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप गटावर जाण्यास माहिती अधिकाराच्या अर्जाची गरज नसते. तालुक्याच्या वार्ताहराकडे असे छायाचित्र आले तर ते बातमीचा पुरावा नसून कार्यालयीन निष्काळजीपणाचा पुरावा आहे, आणि बातमी करायचीच असेल तर त्या निष्काळजीपणाची करावी. नावे खोडून गावनिहाय तक्ता छापणे हाही सुरक्षित उपाय नाही. पुण्यात ‘कोथरूड, एक पिस्तूल’ यातून कोणी ओळखू येत नाही. मात्र लहान गावात ‘पीक संरक्षण, एक बंदूक’ एवढे छापले की वस्तीचे नाव न लिहिताही माणूस ओळखला जातो. म्हणून ग्रामीण भागात आकडेवारी तालुक्याच्या किंवा पोलीस ठाण्याच्या पातळीखाली नेऊ नये.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या बाबतीत पूर्वी बऱ्यापैकी समतोल होता. त्याचे कलम ४ सवलती, परवाने व अधिकारपत्रे मिळालेल्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावा असे सांगते. कलम ८(१)(छ) जीविताला धोका निर्माण करणारी माहिती नाकारण्याची मुभा देते. आणि कलम ८(१)(ञ) सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती, व्यापक जनहित नसेल तर, वगळू देत असे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने हे शेवटचे कलम बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण नकाराला पुरते. अर्जदाराच्या हाती मुख्यतः कलम ८(२) राहिले, ज्यानुसार हानीपेक्षा जनहित मोठे असल्यास कार्यालय माहिती देऊ शकते. हा बदल खासगीपणाच्या नावाने झाला असला तरी त्याचा लाभ सामान्य परवानाधारकापेक्षा परवाना वाटणाऱ्याला अधिक होतो, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

यातून वार्ताहरासाठी निघणारी दिशा अशी की त्याने निर्णयाची माहिती मागावी, घराची नव्हे. पाच वर्षांत किती अर्ज आले, किती मंजूर झाले, पोलिसांचा अहवाल प्रतिकूल असताना किती परवाने दिले गेले, गुन्हा दाखल झाल्यावर किती निलंबित वा रद्द झाले, आणि अपिलात किती निर्णय फिरले, या प्रश्नांत कोणाचीही वैयक्तिक माहिती नाही. नाव अपरिहार्य ठरते ते निर्णयाबद्दलच शंका असते तेव्हा. पुणे पोलिसांनी नाकारलेला एक परवाना गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केल्यावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये वादळ उठले. मंत्र्यांनी निर्णय नियमानुसार असल्याचे सांगितले, पोलिसांनी परवाना प्रत्यक्षात दिला नाही, आणि या प्रकरणात अर्जदार कोण हे लपवून बातमीच होऊ शकली नसती. तरीही तेथे घरपत्ता किंवा शस्त्राचा क्रमांक छापण्याचे कारण नव्हते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार असा भाग काळा करून उरलेली नस्ती देता येते, आणि वार्ताहराने ती तशीच मागावी.

परवानाधारकानेही आपले हक्क जाणून घ्यावेत. त्याने गोपनीय म्हणून दिलेली माहिती कोणी मागितली आणि ती देण्याचा कार्यालयाचा विचार असला, तर कलम ११ प्रमाणे अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्याला नोटीस मिळाली पाहिजे व नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत म्हणणे मांडता येते; ती नोटीस कपाटात टाकून देणारे नंतर तक्रार करतात. उत्तरात ‘माझी हरकत आहे’ एवढे लिहून भागत नाही. एकाकी वस्ती, पूर्वी झालेली चोरी किंवा धमकी, असे ठोस कारण लिहावे लागते. आणि ज्याने लग्नाच्या वरातीत पिस्तूल उंचावून स्वतःचेच छायाचित्र पसरविले, त्याला खासगीपणाचा आधार घेण्यास फारशी जागा राहत नाही.

माहिती मागणाऱ्याचा पत्ता हीसुद्धा खासगी माहिती आहे, याचा विसर सर्वांनाच पडतो. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली, ते जमीन व्यवहारांची माहिती मागणारे कार्यकर्ते होते आणि त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. शस्त्रांच्या विषयात अर्ज करणाऱ्याने म्हणूनच घराऐवजी टपाल पेटीचा क्रमांक द्यावा, जो कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुरेसा मानला आहे. कारण सांगण्याचे बंधन कलम ६(२) नुसार अर्जदारावर नाही, परंतु बदललेल्या कायद्यात जनहित कोणते ते पहिल्याच अर्जात लिहिणे शहाणपणाचे आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर व दीडशे शब्दांच्या आत असावा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि तो जन माहिती अधिकारी, गृह शाखा, जिल्हाधिकारी कार्यालय, पुणे यांच्या नावे करावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते.