रस्त्याचा हिशेब

(रस्त्यांवरील मृत्यू कमी करण्यासाठी झटणाऱ्या एका संस्थेची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, पालघर जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि डहाणू तालुक्यातील चारोटी हे गाव शोधा. मुंबईहून अहमदाबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ८ होता, आता ४८ आहे. डहाणूहून जव्हारकडे जाणारा रस्ता त्याला चारोटी नाक्यावर मिळतो. नाक्यावर मालमोटारी, एस.टी. गाड्या, रिक्षा आणि मोटारसायकली यांची सतत ये-जा असते. चैत्रात जवळच महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा पायी येणाऱ्यांचीही गर्दी होते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मोटार चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मोटारीत चार जण होते. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे दोघे मरण पावले. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

ही बातमी देशभर गेली. पण याच रस्त्यावर मरण पावलेल्या किती तरी माणसांची नावे कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाहीत. महामार्ग पोलिसांच्या आकड्यांनुसार, घोडबंदर ते दापचरी या सुमारे १०० किलोमीटरच्या टप्प्यात २०२२ च्या पहिल्या साडेआठ महिन्यांत ६२ माणसे दगावली. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला सुमारे एकोणीस!

अपघात झाला की लोक म्हणतात, "नशिबात होते, झाले." जरा विचार करा. पुलाजवळ तीन पदरी रस्ता दोन पदरी होत होता. हे नशीब नव्हे, ही रस्त्याची रचना आहे. सीटबेल्ट न लावणे हेही नशीब नव्हे, ती माणसाची सवय आहे. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही जडत्व शिकला आहात. वेगाने जाणारी मोटार अचानक थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. त्या वेळी त्याला धरून ठेवतो तो फक्त पट्टा. म्हणूनच मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, असा कायदा आहे.

अपघाताला कारण असते आणि कारण सापडले तर ते दूर करता येते. याच विचाराने 'सेव्हलाइफ फाउंडेशन' ही संस्था काम करते. २००७ साली दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी भाऊ शाळेतून घरी येत होता. एका मोटारीने त्याला धडक दिली. तो रस्त्यावर विव्हळत पडला. येणारे-जाणारे थांबले, पाहत राहिले. वेळेवर कोणीही त्याला रुग्णालयात नेले नाही. त्याने तेथेच प्राण सोडले. तिवारी यांनी २००८ साली ही संस्था स्थापन केली.

लोक मदत का करीत नाहीत? त्यांची मने कठोर असतात म्हणून नव्हे. त्यांना भीती वाटते. पोलीस चौकशी करतील, कोर्टात खेटे घालावे लागतील, रुग्णालय पैसे मागेल, अशी ती भीती असते. ती दूर व्हावी म्हणून संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर आता खटला भरता येत नाही. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

संस्थेचे दुसरे मोठे काम आपल्याच राज्यात झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मरण पावली होती. राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांना बरोबर घेऊन संस्थेने कामाला सुरुवात केली. त्यांची पद्धत सोपी, पण चिकाटीची होती. अपघात झाला की जागेवर जायचे. गाडी कशावर आदळली, वेग किती होता, पट्टा लावला होता का, रुग्णवाहिका किती वेळाने आली, हे सगळे लिहून काढायचे. मग ती उणीव भरून काढायची. कोठे कठडे बसवले, कोठे फलक लावले, कोठे कडेला उभ्या राहणाऱ्या मालमोटारी हटवल्या. दरवर्षी मृत्यूंचा हिशेब मांडला आणि पुन्हा काम केले. २०२० पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्याहून कमी झाली. त्या वर्षी टाळेबंदीमुळे वाहने कमी होती, हे खरे. पण घट त्याआधीच सुरू झाली होती.

चारोटीच्या पुलावरही अपघातानंतर धडकेचा जोर शोषून घेणारे साधन बसवण्यात आले. हे चांगले झाले. पण आधी माणसे मरावीत आणि मग रस्ता सुधारावा, हा क्रम उलटा व्हायला हवा.

मुलांनो, रस्ते बांधणे तुमच्या हाती नाही. पण मोटारीत मागे बसलात तरी पट्टा लावणे तुमच्या हाती आहे. मोटारसायकलवर निघालेल्या अब्बांना किंवा भाईजानना हेल्मेट आणून देणे तुमच्या हाती आहे. आणि कोणी जखमी दिसला तर? जखमीसाठी पहिला तास फार मोलाचा असतो. स्वतः सुरक्षित जागी उभे राहा, मोठ्या माणसांना हाक मारा आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करायला सांगा. नुसते पाहत उभे राहू नका. दिल्लीच्या त्या मुलाभोवतीही गर्दी होती. नव्हता तो मदतीचा एक हात.

शब्दार्थ
महामार्ग – मोठा रस्ता, शाहराह
अपघात – हादसा
दगावणे – मरण पावणे
दाद मागणे – न्याय मागणे, फिर्याद करणे
खेटे घालणे – पुन्हा पुन्हा चकरा मारणे
तरतूद – आधीच केलेली सोय
उणीव – कमतरता, कमी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चारोटी गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) सेव्हलाइफ फाउंडेशनची स्थापना कोणी केली?
२. कारणे लिहा.
(अ) लोक जखमींना मदत करायला घाबरत.
(आ) मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावावा.
३. 'नशीब', 'जखमी', 'मदत' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी तीन शब्द पाठातून शोधा व वाक्यांत उपयोग करा.
४. उपक्रम : शाळेजवळच्या रस्त्यावरील धोक्याच्या जागा पाहा. त्यांची यादी करून ग्रामपंचायतीस किंवा नगरपरिषदेस मराठीत पत्र लिहा.