पटावरचा डाव आणि भरतीचं काम

प्रश्न : मी नागपुरातल्या एका भरती संस्थेत नुकतीच लागले. लहानपणापासून बुद्धिबळ खेळते, त्यामुळे माणूस चटकन ओळखता येईल असं वाटलं होतं. पण मी निवडलेले दोन उमेदवार महिन्यातच सोडून गेले. खेळाचा या कामात खरंच उपयोग होतो का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : होतो, पण माणूस ओळखण्यासाठी नव्हे. पटावर सगळी मोहरी समोर असतात. उमेदवाराचं बरंच काही झाकलेलं असतं. खेळ शिकवतो ते निर्णय तपासणं. स्पर्धेत प्रत्येक चाल लिहून ठेवतात, म्हणून हरलेल्या डावातलीही चांगली चाल नंतर सापडते. तुम्हीही निवडीची कारणं त्याच दिवशी लिहा आणि सहा महिन्यांनी पडताळा. ते दोघं पगारामुळे गेले की घर लांब पडलं म्हणून, हे विचारल्याशिवाय स्वतःला दोष देऊ नका.

मग लष्कर उमेदवारांना खेळवून का निवडतं, असं तुम्ही म्हणाल. कामठीत गार्ड्‌स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीबद्दल ऐकलं असेलच. तिथे गटाला फळी, बल्ली, दोर देऊन अडथळा ओलांडायला सांगतात. नियम सगळ्यांना सारखे, आणि परीक्षक पाहतो ते कोण कसं वागतो. तिथला खेळ पुढच्या कामाशी जुळतो, हे महत्त्वाचं. हिशेबनिसाला कोडी घालून काही कळणार नाही. त्याला चुका असलेलं खातं तपासायला द्या. सर्वांना तेच प्रश्न विचारा, गुण लगेच मांडा. आणि उमेदवार बुद्धिबळ खेळतो म्हणून त्याला झुकतं माप मात्र देऊ नका.